नाइट ऑफ पेंटॅकल्स आणि आमचा कूलर

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, तोंडावर आलेला, पारा 45 च्या आसपास, आणि आमच्या कूलरचा पंप जळलेला. कूलरवाल्याला फोन केला की तो "बस, निघूनच राहिलो" म्हणायचा. अशा दिवसांत माणूस कोणाचाही सल्ला घेतो. मी भाचीचा घेतला. ती इथेच नागपुरात, धरमपेठेत राहते आणि ऑनलाइन कोर्स करून हल्ली टॅरो, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून भविष्य वाचते.

"मामा, 'तो कधी येईल' असं विचारायचं नसतं. 'यातून मी काय समजून घेऊ' असं विचारा."

"मला काही समजून नाही घ्यायचं बाप्पा, थंड हवा पाहिजे."

पत्ता निघाला नाइट ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे नाण्यांच्या घराण्यातला घोडेस्वार. नांगरलेलं शेत, काळा धिप्पाड घोडा, त्यावर चिलखत घातलेला स्वार आणि त्याच्या हातात भलंमोठं नाणं. तलवारींचा नाइट भरधाव सुटलेला असतो, वाँड्सच्या, म्हणजे काठ्यांच्या नाइटचा घोडा पुढचे पाय उचलून तयारीत असतो, कप्सचा, म्हणजे पेल्यांचा, निदान रमतगमत का होईना चालतो. आमच्या नशिबी आला तो घोडा चारही पाय रोवून उभा.

आईने चष्मा लावला. "हा पा कूलरवाला! अ‍ॅडव्हान्स हातात घेऊन बसला, अन् घोडा काही हालून नाही राहिला."

"आजी, असं लगेच नसतं ठरवायचं." भाचीने समजावलं की 78 पत्त्यांत ही 16 कोर्ट कार्डंच सगळ्यात अवघड. चार घराणी, प्रत्येकात पेज, नाइट, क्वीन, किंग. पत्त्यातला माणूस बाहेरचा असू शकतो, आपल्याच स्वभावाचा एखादा पदर असू शकतो, किंवा नुसती परिस्थितीची चाल. टॉवर हा संकटाचा पत्ता निघाला तर सरळ घाबरून मोकळं होता येतं. पण पत्त्याला चेहरा असला की घरातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघू लागतो.

"म्हणजे हे तुम्हीच," बायको मला म्हणाली. भाचीने त्या नाइटचे गुण कष्टाळू, भरवशाचा, चिकाटीचा, संथ असे सांगितले होते. बायकोने त्यातला शेवटचा तेवढा उचलला.

माझी बाजू मांडायला मी जुन्या शास्त्राकडे वळलो, तर तिथे आणखी पंचाईत. 1909 साली लंडनमध्ये निघालेला हा गठ्ठा पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारला आणि आर्थर वेट यांनी त्याचे अर्थ लिहिले. वेटसाहेब केसांच्या रंगावरून माणूस ओळखतात. पिवळे केस, निळे डोळे म्हणजे वाँड्स. काळे केस, काळे डोळे, सावळा वर्ण म्हणजे पेंटॅकल्स. या हिशेबाने शनिवारी संध्याकाळी बर्डीच्या बाजारात चालणारी झाडून सगळी गर्दी पेंटॅकल्स! वयाचा नियम तर त्याहून अजब: चाळिशीच्या आतला पुरुष किंग, चाळिशी ओलांडलेला नाइट. म्हणजे वरच्या खोलीतला तिशीतला भाडेकरू राजा, आणि मी या वयात गुडघ्याला पट्टा बांधून घोड्यावर. चाळिशीनंतरची बाई मात्र क्वीन. बायकोने हे शास्त्र तत्काळ मान्य केलं.

खुलाशासाठी आणखी एक पत्ता काढला, तर निघाली क्वीन ऑफ स्वोर्ड्स. सिंहासनावर ताठ, उजव्या हातात उभी तलवार, डावा हात पुढे केलेला. आईने सुनेकडे पाहिलं, सुनेने आईकडे. भाचीने घाईघाईने "स्पष्टवक्ती, विवेकी" वगैरे म्हणून वेळ मारून नेली. वेटसाहेबांनी या राणीला वैधव्य लिहून ठेवलंय, हे तिने मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. मी तेव्हाच तांब्याभर पाणी प्यायलो आणि उन्हात बाहेर पडायचं रद्द केलं.

तेवढ्यात राणीने माझा फोन घेतला आणि कूलरवाल्याशी बोलली. काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. तासाभरात फाटकाशी मोपेड थांबली. कूलरवाल्याने डोक्यावरचा गमछा सोडला, तर केस सोनेरी रंगवलेले.

"वाँड्स!" भाची किंचाळली.

आई पुढे झाली. "काय रे बाप्पा, चाळिशी झाली का तुझी?"

"काय आजी, अठ्ठावीसचा आहो मी."

"मंग राजाच आहे."

राजाने अ‍ॅडव्हान्स सोडून वर 850 रुपये मागितले.