खिडकी बंद होईपर्यंत

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबांची खेळाडू खरेदी-विक्रीची मुदत, तिकडच्या भाषेत 'खिडकी', बंद व्हायच्या सुमारास आमच्याकडे मुक्कामाला येऊ इच्छिणाऱ्या पाहुण्याला मी फोनवरच विचारून ठेवतो, की आपण फुटबॉल पाहता का, आणि पाहत असाल तर लाल जर्सीतले नेमके कोणते? आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि दोघांचाही रंग लालच आहे, ही या संसारातली मूळ अडचण. मुलगा लिव्हरपूलचा. २००५ साली इस्तंबूलला युरोपातल्या क्लबांच्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला ३-० असा मागे पडलेला तो संघ मिलानशी बरोबरी साधून पेनल्टीवर जिंकला, हे त्याने शाळकरी वयात रात्र जागून पाहिले आणि तेव्हापासून तो आमचा राहिला नाही. पुतण्या मँचेस्टर युनायटेडचा. २००८ साली त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, मॉस्कोच्या पावसात, युनायटेडविरुद्ध चेल्सीचा कर्णधार जॉन टेरी पेनल्टी मारताना पाय घसरून पडला, त्या क्षणी पुतण्याला गुरुमंत्र मिळाला. आता दोघेही तिशी ओलांडलेले, कमावते आणि एरवी शहाणे आहेत. लोकमान्यनगरातल्या एकाच घरात एक खाली आणि एक वर राहतो. सौ.ने एकदा घड्या घालताना एकाची जर्सी दुसऱ्याच्या कपाटात ठेवली. त्यावर जे रामायण झाले, त्यानंतर बिल्ल्यावर पक्षी आहे की राक्षस, हे ती चष्मा लावून पाहते.

बातमी आली ती रविवारी सकाळी, ऐन पोह्यांच्या वेळी. इंदुरात रविवारच्या पोह्यांवेळी कोणी वाद घालू नये असा नियम नाही, पण असायला हवा. वर शेव पडली होती, जिरावन भुरभुरले होते, जिलेबी अजून गरम होती, आणि मुलाने एकाएकी बशी दूर सारली. लिव्हरपूलचा मधल्या फळीतला एक खेळाडू थेट मँचेस्टर युनायटेडला जाणार, असे त्याच्या मोबाइलवर आले होते. खेळाडूचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या बिचाऱ्याची आमच्या घरात पुरेशी शोभा झालेली आहे. मुलगा एवढेच म्हणाला, "बाबा, हे होऊ शकत नाही." जिन्यावरून उतरणारा पुतण्या त्याच सुरात म्हणाला, "काका, हे होता कामा नये."

आता कोणाही समंजस माणसाला वाटेल, की दोघांचे एकमत झाले आणि विषय संपला. मलाही तसे वाटून मी जिलेबीकडे वळलो होतो. परंतु यानंतर आठवडाभर जे भांडण चालले, ते या एकमतावरच चालले. एकाला खेळाडू द्यायचा नव्हता, दुसऱ्याला घ्यायचा नव्हता. प्रश्न एवढाच उरला होता, की या व्यवहारात अधिक अपमान कोणाचा. देणाऱ्याचा, की ज्याला त्यांचे उष्टे वाढले जाणार त्याचा? या मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी पुरावे येऊ लागले आणि ते ऐकण्यासाठी घरातला एकमेव रिकामा माणूस म्हणून माझी पंच म्हणून नेमणूक झाली. मी सेवानिवृत्त असल्याने मला रजेचा अर्जही करता आला नाही.

पहिला पुरावा १९६४ सालचा. त्या वर्षी एप्रिलमध्ये फिल चिस्नल नावाचा खेळाडू पंचवीस हजार पौंडांना मँचेस्टर युनायटेडहून लिव्हरपूलला गेला, आणि त्यानंतर या दोन क्लबांमध्ये थेट खरेदी-विक्री झालेलीच नाही. साठ वर्षे उलटून गेली. युनायटेडचे व्यवस्थापक मॅट बझ्बी यांनी विकला आणि लिव्हरपूलचे व्यवस्थापक बिल शँक्ली यांनी घेतला. दोघेही स्कॉटिश, दोघेही मित्र. चिस्नलला लिव्हरपूलमध्ये फारसे खेळायलाच मिळाले नाही आणि तीन वर्षांनी तो साउथएंडला गेला. पुतण्याच्या मते यावरून लिव्हरपूलला माणसांची कदर नाही, हे सिद्ध होते. मुलाच्या मते, युनायटेडने काय माल विकला होता, हे सिद्ध होते. चिस्नलबद्दल मला इतकी सहानुभूती वाटली, की त्या दिवशी दुपारी मला झोप लागली नाही.

या साठ वर्षांत कोणी प्रयत्नच केला नाही असे नाही. २००७ साली युनायटेडचा अर्जेंटिनी बचावपटू गॅब्रिएल हाइन्झे लिव्हरपूलला जायला निघाला होता. क्लबने आपल्याला जाऊ देण्याचे लेखी दिले आहे, असे त्याचे म्हणणे होते. लवादाने युनायटेडच्या बाजूने कौल दिला आणि गडी शेवटी रेआल माद्रिदला गेला. वळसा घालून गेलेले मात्र चालतात. पॉल इन्स युनायटेडहून मिलानच्या इंटरला गेला आणि तिथून १९९७ साली लिव्हरपूलला आला. मायकेल ओवेन लिव्हरपूल सोडून माद्रिद आणि न्यूकॅसल असे करत करत २००९ साली युनायटेडमध्ये पोचला. मधे दुसऱ्या गावचे पाणी प्यायले की प्रायश्चित्त होते, असे काहीसे शास्त्र असावे. पूर्वी आपल्याकडे समुद्र ओलांडल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे, तिकडे ते न ओलांडल्यास लागते.

मुलाचा हुकमाचा पत्ता खुद्द बझ्बी होते. ज्यांनी युनायटेडला युनायटेड केले आणि १९६८ साली युरोपियन कप जिंकून दिला, ते बझ्बी १९३६ पासून युद्ध सुरू होईपर्यंत लिव्हरपूलकडून खेळत होते, कर्णधारही होते. "म्हणजे तुमचा देवसुद्धा आमच्या देवळातून नेलेला आहे," असे मुलाने जाहीर केले. पुतण्या दिवसभर खाली आला नाही. संध्याकाळी आला तो मँचेस्टरच्या कालव्याचा इतिहास वाचून आला.

तो इतिहास मात्र मला मनापासून आवडला, म्हणून सांगतो. मँचेस्टरच्या गिरण्यांना लागणारा कापूस लिव्हरपूलच्या बंदरात उतरे, आणि बंदराचे व रेल्वेचे आकार देता देता गिरणीवाले मेटाकुटीला आले होते. शेवटी त्यांनी सुमारे अठ्ठावन्न किलोमीटर लांबीचा कालवा खणून १८९४ साली समुद्रातली जहाजेच थेट आपल्या दारात आणली. लिव्हरपूलच्या गोदीतल्या लोकांच्या पोटावर पाय आला आणि वैर पेटले. चेंडू त्यात नंतर येऊन पडला. यावर पुतण्याने असा सिद्धान्त मांडला, की इंदूर हे मालवा मिल आणि हुकुमचंद मिलचे गाव असल्याने प्रत्येक इंदूरकराने जन्मतः मँचेस्टरच्या बाजूचे असले पाहिजे. मुलाने विचारले, की अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात हिंदुस्थानचा कापूस विलायतेत कोणत्या बंदरात उतरत होता? पुतण्या म्हणाला, उतरत होता म्हणूनच कालवा खणावा लागला. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, की एवढा कापूस निघालाच आहे, तर दोघांनी मिळून गणपतीच्या वाती वळून द्याव्यात.

मी आयुष्यभर हिशेब खात्यात नोकरी केली. त्यामुळे चर्चेला विधायक वळण द्यावे म्हणून मी एकदा खेळाडूच्या किमतीचा हिशेब मांडला, आणि या सबंध प्रकरणात मला एवढाच आनंद मिळाला. समजा, एखादा खेळाडू सहा कोटी पौंडांना पाच वर्षांच्या करारावर घेतला. क्लब ते सहा कोटी एकाच वर्षी खर्ची टाकत नाही. दर वर्षी एक कोटी वीस लाख याप्रमाणे घसारा पडतो. तीन वर्षांनी वहीत त्याचे मूल्य उरते दोन कोटी चाळीस लाख. तेव्हा तो चार कोटींना विकला, तर सहा कोटींचा माल चार कोटींत गेला असे लोक हळहळतात, पण त्या वर्षीच्या खात्यात एक कोटी साठ लाखांचा नफा जमा होतो! लहानपणापासून क्लबनेच वाढवलेल्या मुलाचे वहीतले मूल्य तर शून्य. तो विकला की आलेली सगळी रक्कम नफा. म्हणजे लोक ज्याला 'आपला' म्हणून छातीशी धरतात, नेमका तोच विकण्यात हिशेबनिसाला सर्वांत जास्त गोडी. चेल्सीने तर घसारा कमी दिसावा म्हणून साडेआठ वर्षांपर्यंतचे करार केले, तेव्हा २०२३ साली युरोपच्या फुटबॉल महासंघाला घसाऱ्यासाठी पाच वर्षांची मर्यादा घालावी लागली. हे सांगताना माझा आवाज किंचित चढला होता. दोघांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुतण्या म्हणाला, "काका, प्रश्न घसाऱ्याचा नाही, निष्ठेचा आहे." या एका वाक्यावर मुलानेही मान डोलावली.

निष्ठेचे म्हणाल, तर तिचा काटा मोबाइलप्रमाणे हलत असे. सकाळी बातमी फिकी पडली, की मुलगा सांगे, हा खेळाडू म्हणजे संघाचा कणा आहे; पुतण्या सांगे, हा लंगडा घोडा आम्हाला फुकट नको. संध्याकाळी बातमीने उचल खाल्ली, की मुलाला आठवे, हा तसाही पळत नव्हताच. आणि पुतण्याला कळे, की पोराला लहानपणापासून युनायटेडच प्रिय होते. त्याला त्याने छायाचित्राचा आधार आणला. पाच-सहा वर्षांचा एक मुलगा, अंगात लाल सदरा. बिल्ल्यावर बोट आलेले. तो लाल कोणता, यावर रात्रीचे जेवण थंड झाले.

पुराव्यांचा दर्जा पुढे इतका घसरला, की एका संध्याकाळी दोघेही मोबाइलवर विमानांचे नकाशे पाहत बसलेले मला आढळले. खेळाडू वैद्यकीय तपासणीसाठी कुठून उडाला, याचा शोध चालला होता. लिव्हरपूल ते मँचेस्टर अंतर आपल्या इंदूर-उज्जैनएवढे आहे. त्यातून दोन्ही क्लबांचे पुष्कळ खेळाडू अलीकडे-पलीकडे न राहता मधल्या चेशायर परगण्यात घरे करून राहतात. म्हणजे ज्या देशद्रोहाची एवढी चर्चा चालली होती, तो करायला त्या माणसाला सकाळी गाडी काढून डावीकडे वळण्याऐवजी उजवीकडे वळायचे होते. मुलांच्या शाळासुद्धा बदलायला नकोत!

दाद मागावी म्हणून मी समोरच्या घरातल्या बंगाली बाबूंना बोलावले. हे गृहस्थ कोलकात्याच्या मोहन बागान क्लबचे, त्यांच्या पत्नी प्रतिस्पर्धी ईस्ट बंगालच्या. एका क्लबची स्थापना १८८९ची आणि दुसऱ्याची १९२०ची, हे दोघेही स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा लवकर सांगतात. सामन्यानंतर त्यांच्याकडे कोळंबी शिजली की हिल्सा, यावरून निकाल आम्हाला वासानेच कळतो. त्यांनी सांगितले, की जुन्या काळी कोलकात्यात नोंदणीचे दिवस आले, की क्लबांचे लोक खेळाडूंना पळवून नेत आणि सही होईपर्यंत कुठे कुठे लपवून ठेवत. १९८५ साली कृशानु डे आणि विकाश पांजी ही जोडी मोहन बागान सोडून ईस्ट बंगालला गेली, ते सांगताना त्यांचा चहाचा पेला अजूनही थरथरला. मग त्यांनी आमच्या दोघांना विचारले, की तुमच्या क्लबांत शेवटचा व्यवहार कधी झाला? १९६४ म्हटल्यावर ते थक्क होऊन पाहतच राहिले. "साठ वर्षांत एकही नाही? मग तुम्ही भांडता कशावर?" ते खिन्न होऊन घरी गेले. आमच्या भांडणाला दर्जा नाही, असे त्यांचे मत झाले असावे.

शेवटी सौ.ने तोंड उघडले. तिचे माहेर ग्वाल्हेरचे, आणि शिंदे-होळकरांचे सख्य इतिहासाला ठाऊक आहे. १८०१ साली शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले, ते इथल्या जुन्या घरांत अजून कालपरवाचे असल्यासारखे सांगतात. ती म्हणाली, "मी ग्वाल्हेरहून थेट इंदूरला आले. मधे माद्रिद नाही की न्यूकॅसल नाही. करार जन्मभराचा. आणि शुल्क घेणाऱ्याने भरायचे सोडून माझ्या वडिलांनीच भरले. त्या पोराला सांगा, पैसे मिळत असतील तर खुशाल जा." दोन्ही पक्षांनी हे विधान विषयाला सोडून असल्याचा निर्णय दिला. मी ताळेबंदाच्या दृष्टीने विचार करू लागलो होतो, सौ.चा चेहरा पाहून थांबलो.

इंग्लंडमधली खरेदीची मुदत आपल्या घड्याळाने रात्री उशिरा संपत होती. वेळ काढण्यासाठी दोघे मला घेऊन सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गेले. त्या दिवसांत तिथे भुट्ट्याचा किस ऐन भरात असतो, आणि त्या दोघांनी तो अर्धा अर्धा खाऊन टाकून दिला, यावरून प्रकरण किती गंभीर होते हे इंदूरकरांना कळेल. परत येऊन आम्ही दिवाणखान्यात बसलो. मुदतीला अर्धा तास उरला असता बातमी आली, की खेळाडू मँचेस्टरच्या एका इस्पितळापाशी दिसला. पाव तासाने आली, की तो दुसराच कोणी होता. मुदत संपली आणि काहीही झाले नाही. दुसऱ्या दिवशी तो लिव्हरपूलच्या सरावाला वेळेवर हजर होता.

मला वाटले, आता दोघे एकमेकांना पेढे देतील. दोघांच्याही मनासारखे झाले होते. पण मुलगा म्हणाला, "आम्ही सोडला नाही." पुतण्या म्हणाला, "आम्ही घेतला नाही." साठ वर्षांचा हा सोवळेपणा नेमका कोणी पाळला, यावर दुपारपर्यंत कडाक्याचे भांडण झाले. त्यात इंग्लंडच्या अजिंक्यपदांचा हिशेब निघाला. युनायटेडची वीस २०१३ सालीच झाली होती आणि लिव्हरपूलने २०२५ साली वीस करून बरोबरी साधली, त्यामुळे तोही सुटला नाही. संध्याकाळी सौ.ने मला बाजूला घेऊन विचारले, की हे आता वर्षभर नाही ना? मी चौकशी केली. ही खिडकी जानेवारीत महिनाभर पुन्हा उघडते, असे दोघांनीही एकमताने सांगितले. सौ.ने त्याच रात्री पुण्याला तिच्या बहिणीकडे फोन लावला आणि जानेवारीत आम्ही दोघे येतो आहोत, असे कळवले. बहिणीला फार आनंद झाला. तिचा मुलगा आर्सेनलचा आहे आणि जावई टॉटनहॅमचे, आणि त्यांना कधीपासून एखादा तटस्थ माणूस हवा होता म्हणे.