गुलाबी प्रिंट म्हणजे ओरिजिनल नव्हे
फॅन लोकांनी थिएटरच्या जुन्या ३५ एमएम प्रिंट (फिल्मची रिळं) स्कॅन करून स्टार वॉर्स पिक्चरचे १९७७ चे रंग परत आणले, त्यावरचा लेख वाचला. भारीच, पण लेखात एक राहिलं, प्रिंट कुठली ते आधी बघावं लागतं. ईस्टमनकलर या रंगीत फिल्ममध्ये सायन (निळसर-हिरवा) डाय, म्हणजे रंग, लवकर उडतो आणि अख्खं रीळ गुलाबी पडतं, टेक्निकलर कंपनीच्या डाय ट्रान्सफर (छपाईसारखे रंग फिल्मवर उतरवलेल्या) प्रिंटचं तसं होत नाही म्हणून ही मंडळी तीच हुडकत बसतात. आमच्या ठाण्यात मॅटिनीला लागायचे त्या जुन्या पिक्चरमध्ये हिरवी साडी तपकिरी न् आभाळ गुलाबी, आम्हाला वाटायचं शूटिंगच तसं केलंय! 😄 आता रिस्टोअरच्या नावाखाली चेहरे हळद फासल्यासारखे करतात, त्यापेक्षा ही हौशी पोरं परवडली. १९७२ च्या पिंजराची बरी प्रिंट कुणाच्या गोडाऊनमध्ये पडली असेल तर द्या रे त्यांना.