साइडपट्टी भरली की तळं बुजवलं?

रस्त्याची साइडपट्टी भरायला यांना जुलैतला तरणा पाऊसच सापडला! अख्खा उन्हाळा रस्त्याची कड फुटलेली होती. समोरून बस आली की दुचाकीवाला खाली, ठरलेलंच. पंचायतीत सांगून सांगून तोंड दुखलं, तेव्हा निधी नव्हता. आता आमच्या बेळगावजवळच्या खानापूर भागात आभाळ फाटलंय तर निधी आला! काल टिपरच्या टिपर तांबडा मुरूम तळ्याच्या बाजूला ओतून गेले. रोलर नाही, दाबणं नाही, कडेला एक दगड नाही. रात्री पाऊस कोसळला आणि सगळा मुरूम थेट तळ्यात.

सकाळी पाणी बघवत नव्हतं. काठाला बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, तोंड वर काढून आ वासत होती. एक हातात घेऊन कल्ले उघडले, आत तांबडा चिखल. गावच्या पोरांनी कर्ज काढून लिलावात तळं घेतलंय, माशांचं बीज नुकतंच सोडलंय. कटला वर चरतो, रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाशी, म्हणून तिन्ही एकत्र सोडतात. आता गढूळ पाण्यात ऊन शिरणार नाही, म्हणजे वरचं खाद्य धरणार नाही, आणि तळाला गाळाचा थर. खायचं काय त्यांनी? वर टिपरचं ऑइल काठावरच बदललंय, काळा तवंग अजून तरंगतोय.

मुकादमाला विचारलं तर म्हणतो, "काका, आमचं काम रस्त्याचं. तळ्याचं आमच्या कागदात नाही." अरे, रस्त्यावरचं पाणी कुठं उतरतं ते तरी आहे का तुझ्या कागदात? गुरं राखणारं पोरसुद्धा उतार दाखवेल!

रस्ता आम्हालाही हवाय. पहाटे दुधाचे कॅन घेऊन आम्हीच जातो त्यावरून. पण हे काम एप्रिल-मेमध्ये करायचं असतं. आधी तळ्याकडच्या उताराला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, पायथ्याला चर, चराच्या तोंडाशी गाळ बसायला खड्डा. मग मुरूम थराथरानं दाबायचा आणि उघड्या मातीवर गवताची ढेकळं लावायची, म्हणजे माती धरून राहते. आमचे आजे शेताचे बांध असेच घालत होते. इंजिनिअर म्हणवणाऱ्यांना हे सुचत नाही?

तक्रार घेऊन ऑफिसात गेलो तर अर्ज कन्नडमध्ये आणा! कामाचा बोर्डही फक्त कन्नडमध्ये. खर्च किती, मुदत कधीपर्यंत, गावातल्या म्हाताऱ्यांना कसं कळणार? १५ टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यायचे, हे किती वर्षं ओरडतोय आम्ही. आणि गाळाचं म्हणाल तर बेळगावात बळ्ळारी नाल्याचंही असंच. गाळ काढा म्हणून शेतकरी घसा फोडतात, कोणी ऐकत नाही, आणि पावसाळ्यात पाणी शिवारात उभं राहतं. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. गाळ पाण्यात जाऊ द्यायचा आणि मग तो काढायला वेगळं टेंडर, हाच धंदा चाललाय.

आता तळ्यातला मुरूम कोण काढणार आणि मेलेल्या बीजाचे पैसे कोण देणार, ते शिक्क्यासह लिहून द्या. तोवर तळ्याच्या बाजूला एक टिपर उतरू देणार नाही. पलीकडची बाजू भरा, खुशाल भरा.