शंखाचा पंचनामा

"आबा, तुम्ही फक्त क्लिक करा. विचार नाना करतील."

हे वाक्य परवा संध्याकाळी माझ्या सख्ख्या नातीने, इराने, वय वर्षं साडेसहा, भर दिवाणखान्यात उच्चारलं. लेक हसली, जावई हसले, आणि एरवी माझ्या कुठल्याही विनोदाला न हसणाऱ्या आमच्या सौ.सुद्धा हसल्या. नाना मात्र हसले नाहीत. ते चिवडा खात खरोखरच विचार करत होते.

नाना म्हणजे माझे व्याही. यंदा आम्ही दोन्ही जोडपी एकदमच अमेरिकेला आलो. गाव बॉथेल, सिअ‍ॅटलच्या जरा वर. डिसेंबरात इथे साडेचारच्या आत अंधार. पाऊस म्हणाल तर आपल्यासारखा कोसळून मोकळा होणारा नाही, सरकारी फायलीसारखा नुसता पडून राहणारा. गाडी चालवता येत नाही, कोपऱ्यावर पेपर मिळत नाही, आणि भाजी आणायला जातो म्हणून घराबाहेर सटकायची सोय नाही. मग दोन निवृत्त माणसांनी करायचं काय? इराच्या शेजारी बसून कॉम्प्युटरवरच्या खेळात माशांच्या चोऱ्या शोधायच्या.

खेळाचं नाव 'फ्रेडी फिश ३: द केस ऑफ द स्टोलन काँक शेल'. जुना आहे, १९९८ सालचा. जावयांनी सांगितलं की तो बनवणारी ह्युमंगस एंटरटेनमेंट ही कंपनी रॉन गिल्बर्ट आणि शेली डे यांनी १९९२ साली काढली आणि तिचं ऑफिस एके काळी इथेच, बॉथेलमध्ये होतं. म्हणजे पुण्याहून इतका प्रवास करून मी नेमका घटनास्थळी येऊन पोचलो होतो.

फ्रेडी ही पिवळी मासोळी, बाई माणूस. तिचा दोस्त ल्यूथर हिरवा, बडबड्या. दोघं सुट्टीला ल्यूथरच्या अंकल ब्लेनीकडे जातात, तर तिथला मानाचा मोठा शंख चोरीला गेलेला. संस्थापक दिनाच्या उत्सवाची सुरुवात त्या शंखाने व्हायची. शंखाचे राखणदार अंकल ब्लेनी, त्यामुळे आळ त्यांच्यावरच. आता खरा चोर शोधून त्यांना सोडवायचं. खेळात मरण नाही, हरणं नाही. पात्रं सगळं बोलून दाखवतात, त्यामुळे वाचता न येणारं पोरही खेळू शकतं. थोडक्यात, आमच्या वयाला अगदी सोयीचा.

नाना निवृत्त नायब तहसीलदार. सेवेत असताना त्यांनी कुठलाही कागद पहिल्या फेरीत पुढे सरकू दिला नसावा, अशी माझी खात्री आहे. पहिल्याच दिवशी ल्यूथर "अंकल ब्लेनी!" म्हणून ओरडला आणि नानांनी हात वर केला.

"थांबवा. आबासाहेब, थांबवा ते. हा अंकल म्हणजे नेमका कोण? चुलता की मामा?"

"नाना, ही इज जस्ट अंकल," इरा म्हणाली.

"जस्ट अंकल असं नातं नसतं, बाळा. बापाचा भाऊ की आईचा भाऊ? की आत्याचा नवरा?"

"इंग्लिशमध्ये तसं नसतं."

"मग इंग्लिशमध्ये वारसनोंद कशी करतात?"

याचं उत्तर इराकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. पडद्यावर ल्यूथर तोंड उघडं ठेवून ताटकळला होता.

"नानासाहेब," मी म्हटलं, "चोरी शंखाची झालीय. नात्याचा काय संबंध?"

"संबंध कसा नाही? चुलता असेल तर ल्यूथर भाऊबंद झाला. म्हणजे तो हितसंबंधी. हितसंबंधी माणसाला तपासात घेतलाच कसा? त्याला आधी बाहेर काढा."

"तो हिरोचा मित्र आहे हो!"

"मग मामा असणार," नाना म्हणाले, आणि समाधानाने पाठ टेकली. "मामा असेल तर हरकत नाही. आता सांगा, शंख जिथे होता त्या जागेचा पंचनामा कुणी केला? पंच कोण? आणि पंचांच्या सह्या नसतील तर या ब्लेनीमामांना अडकवलं कुठल्या आधारावर?"

इरा त्यांच्याकडे असं बघत होती, जसं मी मोठ्या साहेबांकडे कधीच बघू शकलो नाही.

त्यानंतर नानांचं काम सुरू झालं. म्हणजे माझं. नाना माउसला हात लावत नाहीत, ते सांगतात. "त्या दगडावर करा. त्या शेवाळावर करा. मागचं झुडूप राहिलं." या खेळात मागच्या देखाव्यातल्या कशावरही क्लिक केलं तरी काहीतरी गंमत होते. कोणी डोकं बाहेर काढतं, कोणी नाचतं. तपासाशी त्याचा काडीचा संबंध नसतो. पण नानांच्या मते घटनास्थळावरची एकही वस्तू तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. माझं उजवं बोट संधिवाताचं. एका पडद्यावर आम्ही पाऊण तास होतो.

बरं, कुणाकडून काही हवं असलं की त्याला आधी दुसरं काहीतरी आणून द्यावं लागतं, आणि ते मिळवायला तिसऱ्याला चौथं. "हे आपल्याकडच्या कचेरीसारखंच झालं," मी सहज बोललो. नानांनी चिवड्याची वाटी खाली ठेवली. रात्री सौ. म्हणाल्या, "व्याह्यांना असं बोलतात का?" व्याह्यांनी मला माउसला जुंपलेलं चालतं!

मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ तपासणी विभागात. खोट्या सह्या नुसत्या अंगठ्याच्या दाबावरून ओळखायचो. त्या काळात शाखेत मी शिरलो की कॅशिअर पाणी प्यायचे. हे घरात कुणाला आठवतही नाही. नानांच्या मात्र सगळ्या बदल्या इराला तालुकावार पाठ आहेत.

म्हणून मी ठरवलं. सगळे झोपल्यावर जावयांचे हेडफोन कानाला लावून खेळ पहिल्यापासून सुरू केला आणि रात्री पावणेदोनला चोर पकडला. एकट्याने, पंचांशिवाय. सौ. मध्येच उठून आल्या. "कुणाशी बोलताय एवढ्या रात्री?" "माशाशी," मी म्हटलं. त्या परत जाऊन झोपल्या. ४२ वर्षांच्या संसारात हाच एक फायदा.

दुसऱ्या दिवशी इराने खेळ नव्याने सुरू केला. तिला संपवण्यापेक्षा सुरू करायला जास्त आवडतं. नाना मुळापासून चौकशी करू लागले. मी खुर्चीत मागे रेललो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं चोराचं नाव सांगून टाकलं. वर म्हटलं, "अनुभव, दुसरं काय! चेहऱ्यावरून कळतं."

त्याचं नाव इथे देत नाही, कारण तुमच्याकडे तो निर्दोष निघेल. आमच्याकडे निघाला. मुलांनी पुन्हा पुन्हा खेळावं म्हणून या खेळात नव्या डावाला चोर बदलतो, हे जावयांनी मला त्यानंतर सांगितलं. त्यानंतर!

"चेहऱ्यावरून मी कधीच ठरवत नाही," नाना शांतपणे म्हणाले. त्यांनी पुरावे बघून जे नाव काढलं, तेच बरोबर आलं. खरं तर खेळच ते सांगतो, त्यात नानांची कर्तबगारी काय? पण हे बोलायची ती वेळ नव्हती. मराठीत शंख दोन प्रकारचे, एक देवघरातला आणि एक माणसातला. दुसरा कोण, यावर त्या संध्याकाळी दिवाणखान्यात एकमत होतं. तेव्हाच इराने ते वाक्य टाकलं.

आज सकाळी इरा शाळेत गेल्यावर नाना आले. हातात वाण्याच्या बिलाची मागची कोरी बाजू. त्यावर सुवाच्य मराठीत: "मौजे समुद्रतळ येथील शंख चोरीबाबत पंचनामा." मुद्देमालाचं वर्णन, चतुःसीमा, सगळं. ल्यूथर आणि ब्लेनीच्या नात्यापुढे कंसात "मामा". खाली पंच क्रमांक एक म्हणून जांभळ्या खडूने इराची सही, तिचा आर उलटा.

"आपली इथे," नाना म्हणाले आणि पेन पुढे केलं.

चष्मा लावून मी तो कागद दोनदा वाचला. चूक एकही सापडली नाही. मग पंच क्रमांक दोनच्या जागी सही केली आणि खाली तारीख घातली.