शब्द ठळक, अर्थ वाऱ्यावर

सांगलीच्या हळद बाजारातील शब्दांचा छोटासा कोश लेटेक या अक्षरजुळणीच्या संगणक प्रणालीत जुळवताना शब्द ठळक यावा आणि सगळे अर्थ एका रेषेत उभे राहावेत, ही अपेक्षा काय फार मोठी आहे? पण तिथल्या शब्द-अर्थांसाठीच्या तयार 'डिस्क्रिप्शन' यादीला रेषेचेच वावडे! 'पेव'सारखा आखूड शब्द संपताच अर्थ त्याला चिकटून सुरू होतो, 'बगल गड्डा'चा अर्थ पार पुढे सरकतो आणि दुसरी ओळ या दोघांशी काडीचाही संबंध नसल्यासारखी तिसऱ्याच जागी उगवते.

यावर जाणकारांचा ठरलेला उपाय म्हणजे याद्यांची मांडणी बदलणारे 'एन्यूमिटेम' हे जोड-पॅकेज आणि त्यातील 'नेक्स्टलाइन' शैली. ती दिली की लांब शब्दांचे अर्थ खालच्या ओळीवर जातात आणि आखूड शब्दांचे शेजारीच राहतात. म्हणजे एकाच पानावर दोन संसार! सगळेच अर्थ शेजारी आणि एका रेषेत हवे असतील, तर सर्वांत लांब शब्द आपणच शोधून त्याच्या मापाचा समास (मार्जिन) द्यायचा. अख्खा परिच्छेद तोलून ओळ कोठे मोडावी हे ठरवणाऱ्या यंत्रणेला मूठभर शब्दांतला लांब शब्द सापडू नये?

त्यातच या यादीत मुळात शब्दच चौकटी कंसात लिहायचा असतो; त्याला आत आणखी चौकटी कंसात पर्यायी रूप जोडण्याचे धाडस केले, की पहिल्याच बंद कंसाशी शब्द संपल्याचे जाहीर होते आणि उरलेला कंस अर्थाच्या डोक्यावर अनाथासारखा बसतो. त्याला वाचवायला वरून महिरपी कंसांचे चिलखत चढवायचे. वेबपानांच्या एचटीएमएलकडे पळावे, तर तिथे बहुतेक ब्राउझर प्रत्येक अर्थ न विचारता 40 पिक्सेल आत ढकलतात. हे 40 पिक्सेल मागितले कोणी होते?