गाईडमधला कापूस

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बी.ए.च्या वर्गांना इतिहास शिकवतो. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले, त्यात चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवीची सोय आली, आणि 'संशोधनपर लेखन' हा शब्द प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तात दिसू लागला. वर्गातले लेखन मात्र होते तिथेच आहे.

अंतर्गत गुणांसाठीचे लेखन आमच्याकडे कसे होते, ते सांगतो. एकाच्या गाईडची पाने रात्रीतून वीस मोबाइलवर जातात आणि सकाळी लाल पेनाने मथळे अधोरेखित केलेले वीस गठ्ठे टेबलावर येऊन पडतात. (आता मोबाइल स्वतःच निबंध लिहून देतो, त्यामुळे गाईडवाल्यांचेही दिवस कठीण आले असावेत.) मागच्या वर्षी कापसावर लिहायला सांगितले, तर चौदा जणांचे पहिले वाक्य 'कापसाला पांढरे सोने म्हणतात' हेच होते. दिवाळीनंतर वेचणी लागली की यातलीच निम्मी मुले-मुली वर्गात नसतात, वावरात असतात. पण ते वावर त्यांच्या निबंधात कुठेही नव्हते. मी त्यांना दोष देत नाही. ते गठ्ठे कुणी वाचत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते, आणि तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांना पैसे तासाचे मिळतात, वाचण्याचे नाही.

यावर उपाय म्हणून कार्यशाळा होतात. अशाच एका कार्यशाळेत पाहुण्यांनी दोन तास संदर्भसूचीतले स्वल्पविराम समजावून सांगितले आणि शेवटी प्रमाणपत्रे वाटली. त्या दिवशी एकाही विद्यार्थ्याने स्वतःची एक ओळ लिहिली नाही.

माझे मत असे की, प्रत्येक विषयाला दोन-दोन गठ्ठे मागण्यापेक्षा सत्रभरात एकच लेख तीनदा लिहून घ्यावा, आणि पहिल्या खर्ड्याच्या समासात 'हे तुला कुणी सांगितले?' एवढेच लिहून तो परत द्यावा. यात अभ्यासक्रम मागे पडतो, ही तक्रार खरी आहे. तो पडू द्यावा.

त्या चौदांपैकी एकीला मी तो प्रश्न लिहून दिला. आठवड्याने ती आजोबांच्या पत्र्याच्या पेटीतली पावती घेऊन आली, एकाधिकार कापूस खरेदीच्या काळातली. 1972 साली सुरू झालेल्या त्या योजनेत कापूस सरकारी केंद्रावरच घालावा लागे आणि पैसे हप्त्याहप्त्याने हाती पडत. आजोबांच्या आठवणीप्रमाणे त्या सालचा शेवटचा हप्ता आत्याच्या लग्नाआधी मिळाला होता. पावतीवरची तारीख लग्नानंतरची होती. ती म्हणाली, "सर, आता कोणतं खरं लिहू?"

मी तिला रिद्धपूरची गोष्ट सांगितली. अमरावती जिल्ह्यातल्या ज्या रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे, त्याच परिसरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी, चक्रधरस्वामींना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना गाठून, त्यांच्या आठवणींतून लीळाचरित्र सिद्ध केले. त्यात जिथे सांगणाऱ्यांचे जुळत नाही तिथे दुसरी आठवण पुसून टाकलेली नाही, 'वासना' म्हणून शेजारी नोंदलेली आढळते. आमच्या मुलांना तळटीप ही परदेशातून आलेली कटकट वाटते, कारण ही गोष्ट त्यांना मराठीच्या पेपरात पाच गुणांची टीप म्हणून भेटते.

तिच्या तिसऱ्या खर्ड्यात 'पांढरे सोने' उरले नव्हते. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या, त्या मी तशाच राहू दिल्या. शेवटच्या पानाखाली बारीक अक्षरात तिने लिहिले होते: 'आजोबा म्हणतात पैसे लग्नाआधी आले, पावतीवरून नंतर आले असे दिसते. आत्याला विचारले. तिला पैशांचे आठवत नाही, पण लग्नातला शालू उधारीवर आणला होता, हे ती नक्की सांगते.'