वाकळ परवडत नाही, असं म्हणणाऱ्यांना

थंडी जवळ आली की सातारा-सांगलीकडच्या मोबाइलांवर वाकळेविषयी, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधडीविषयी, एक मजकूर फिरायला लागतो: ‘वाकळ शिवत बसू नका. शिवणावळीत नवं ब्लँकेट येतं. जुन्या कपड्यांत जंतू असतात. वाकळ धुतली तर वाळत नाही. आणि हल्लीच्या कपड्यांची वाकळ होतच नाही.’ यातले दोन मुद्दे अर्धे खरे आहेत, म्हणूनच तो पटतो.

शिवणावळीचं आधी. बाहेर शिवायला टाकली तर मजुरी खरंच नव्या ब्लँकेटच्या आसपास जाऊ शकते, आणि हाताच्या एवढ्या कामाला ती मिळायलाच हवी. पण घरी शिवली तर खर्च फक्त दोऱ्याचा. सहावारी सुती साडी साधारण साडेपाच मीटर असते. तिचे १.३५ मीटरचे चार तुकडे करा. दोन तुकड्यांना काठाशी दंड घातला, म्हणजे ते जोडून शिवले, की साडेचार बाय सात फुटांचा वाकळेचा एक पदर, म्हणजे थर, होतो. म्हणजे सहावारीचे दोन पदर, आणि सव्वाआठ मीटरच्या लुगड्याचे तीन. लुगडं आत, साडी वर-खाली, अशी पाच पदरांची वाकळ झाली. इंचाइंचावर धावदोरा घातला तर शिवण ११५-१२० मीटर भरते. जाड सुती दोरा एकेरी घेतला तर दीडशे मीटर पुरतो. रोज दोन तास बसलं तर दोनेक आठवड्यांचं काम.

बिघडतं ते टाचण्यात. बरेच जण कडेपासून आत शिवत येतात, आणि सरकत आलेलं कापड मधे गोळा होऊन तिथे फुगा येतो. म्हणून पदर सपाट फरशीवर अंथरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा, आणि मधून चारी कडांकडे लांब कच्चे टाके घाला. पक्की शिवण त्यानंतर, मग ती कडेकडून घातली तरी चालते. नायलॉनचा दोरा टाळा. तो तुटत नाही हे खरं, पण विरलेलं सूत तो कापत जातो आणि दोन-तीन धुण्यांत टाक्याशेजारी फट पडते. दाभणही नको, भोकं मोठी पडतात.

जंतूंचं. अनोळखी घरातून आलेलं सुती कापड साबण घालून वीस मिनिटं उकळलं आणि दिवसभर कडक उन्हात वाळवलं की खरजेचे किडे, ढेकूण टिकत नाहीत. रंग जाणारी साडी वेगळी उकळा. आधी ओलं पांढरं फडकं घासून बघायचं. खरी पारख जंतूंची नाही, कुजक्या कापडाची करायची. २०१९च्या महापुरात सांगलीत कितीतरी घरांतले कपडे दिवसचे दिवस पाण्यात राहिले. असं कापड वरून धड दिसतं. दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून आडवं ताणा. टर्रकन फाटलं तर ते वाकळेत नको, त्याची फडकी करा.

वाळत नाही, हे पाच पदरांना लागू नाही. दहा-बारा पदर घातलेली जुनी जड वाकळ वाळत नसे, त्यावरून हा समज झाला असावा. पाच पदरांची कोरडी वाकळ दीड किलोच्या आतबाहेर भरते, वॉशिंग मशीनमध्ये एकटी आरामात बसते. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर दिवसात खडखडीत. महाबळेश्वर-जावळीकडे मात्र पावसाळ्यात धुऊच नका: एक धुणं मृगाआधी, दुसरं घट बसायच्या आधी, ऊन बघून. आणि साबणाचं धुणं कृष्णेच्या घाटावर नको. घरीच धुवा.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. आजच्या बऱ्याच साड्या पॉलिस्टरच्या असतात, त्यांची चांगली वाकळ होत नाही हे बरोबर आहे. घाम शोषत नाही, शेकोटीची ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. सुती पदरात पॉलिस्टरचा एक जरी घातला तरी धुतल्यावर सूत आटतं, पॉलिस्टर आटत नाही, आणि वाकळ सुरकुतते. ओळखायला साडीच्या अंगातला एक दोरा चिमट्यात धरून जाळा. जळक्या कागदाचा वास आणि चुरगळणारी राख आली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. नवं सुती कापडही एकदा भिजवून, आटवूनच वापरायचं.

पण म्हणून कापड मिळत नाही, असं नाही. धोतर, लुंगी, सुती पलंगपोस, परकर, मलमलचे दुपट्टे, जुने अभ्रे: सगळं चालतं. नाडी, चेन, बटणं, दुहेरी शिवण काढून टाका, सुई तिथेच मोडते. टी-शर्टचं कापड ताणतं, ते पायपुसण्यांना द्या. जीन्स हाताच्या सुईला जड, तिच्या पिशव्या करा. पॉलिस्टरच्या साडीच्याही पिशव्याच बऱ्या. रानडुकरांसाठी ती शेताभोवती बांधतात, पण उन्हानं तिचे धागे सुटतात आणि मातीत मिसळतात, ते पुन्हा वेचता येत नाहीत. बांधलीच असेल तर विरायला लागताच सोडून आणा.